भुसावळशी एकदा लेखी व्यवहार करा
रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली.



25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जळगाव–मनमाड चौथ्या आणि भुसावळ–खंडवा तिसऱ्या व चौथ्या लोहमार्गाला मंजुरी दिली. पुढच्या वर्षी, 7 ऑक्टोबर 2025 रोजी, 314 किलोमीटरच्या वर्धा–भुसावळ तिसऱ्या व चौथ्या मार्गावरही शिक्कामोर्तब झाले. मुंबईकडचा, उत्तरेकडचा आणि नागपूरकडचा, असे तिन्ही मार्ग आता रुंदावणार आहेत आणि तिघांची गाठ भुसावळात पडते. निर्णय चांगले आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. पण सरकारी निवेदनांत किलोमीटर होते, कोटी होते, वाढणाऱ्या मालवाहतुकीचे आकडे होते. ज्या गावात हे सगळे रूळ एकत्र येणार त्या गावाच्या रस्त्यांचे, नाल्यांचे आणि पाण्याचे काय, हा प्रश्न कोणाच्या टेबलावर ठेवला गेला, हे काही त्यातून कळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रेल्वे आणि भुसावळ यांचे नाते दीडशेहून अधिक वर्षे गरजेवर आणि रिवाजावर चालत आले. ती गरज बदलली आहे, रिवाज विरत चालला आहे. यापुढे हे नाते लेखी कराराने बांधावे लागेल, आणि ते नवे रूळ पडण्याआधी बांधावे लागेल.

आधी जंक्शन इथेच का झाले ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे थळ घाटातून सह्याद्री ओलांडून नाशिक, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा असे करत तापीच्या खोऱ्यात उतरली. इथून तिला दोन ठिकाणे गाठायची होती. एक उत्तरेचे, म्हणजे जबलपूरमार्गे कोलकाता. आणि दुसरे पूर्वेचे, म्हणजे वऱ्हाडातला कापूस. उत्तरेला सातपुड्याची भिंत आहे. तिला मोठी फट पडते ती बऱ्हाणपूर आणि खंडव्याच्या दरम्यान. याच फटीवर असीरगड पहारा देतो, त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत आणि तो हाती यावा म्हणून अकबराला 1601 पर्यंत वेढा चालवावा लागला. पूर्वेला पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे मलकापूर, शेगाव, अकोल्याकडे उघडते. पूर्णा आणि तापी यांचा संगम चांगदेवला होतो, भुसावळच्या थोडे वरच्या अंगाला. म्हणजे उत्तरेची वाट आणि पूर्वेची वाट जिथे फुटते, नेमक्या त्याच टापूत तापीच्या दक्षिण काठावर भुसावळ आहे. 1866 मध्ये मार्ग खंडव्याला पोहोचला, 1867 मध्ये नागपूरला, आणि मार्च 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेची गाठ पडून मुंबई–कोलकाता सलग प्रवास सुरू झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडलेला होता. वऱ्हाडाकडे जाणाऱ्या फाट्याची निकड त्यातून वाढली. कारखाना उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येतो. हा फाटा हलवता येत नाही. दीडशे वर्षांनंतर नवे चार-चार मार्ग आखतानाही रेल्वेला पुन्हा भुसावळलाच यावे लागले, यातच सगळे आले.

नकाशाने जागा दिली, पण गाव वसवले ते वाफेने. वाफेचे इंजिन फार खादाड. त्याला ठरावीक अंतरावर पाणी लागे, कोळसा लागे, राख काढावी लागे, बॉयलर धुवावा लागे. मुंबईपासून सुमारे 445 किलोमीटरवर मोठे शेड, यार्ड आणि दुरुस्तीची सोय असणे ही चैन नव्हती, त्याशिवाय गाडी पुढे सरकलीच नसती. माणसांचेही तेच. ड्रायव्हर आणि फायरमन पाळी संपली की उतरत आणि दुसरी जोडी चढे. ही जोडी ऐन वेळी हजर व्हावी म्हणून कॉलबॉय नावाचा एक नोकर असे. रात्री-अपरात्री तो हातात वही घेऊन क्वार्टरच्या दारावर थाप मारी, झोपेतून उठलेल्या माणसाची त्या वहीत सही घेई, आणि मग पुढच्या दाराकडे वळे. सही झाली की त्या माणसाने ठरल्या वेळी शेडमध्ये हजर राहायचे. या एका वहीत रेल्वे वसाहतीचे सारे भूगोलशास्त्र आहे. कॉलबॉय पायी पोहोचेल एवढ्याच अंतरावर माणसे राहायला हवीत, म्हणून शेडच्या अंगाला क्वार्टर्स. क्वार्टर्स आल्या म्हणून इस्पितळ. बायका-मुले आली म्हणून शाळा. आणि या पगारावर जगणारे वाणी, शिंपी, दूधवाले, भाजीवाले आले म्हणून रेल्वेच्या हद्दीबाहेर बाजारपेठ. 1882 मध्ये तिथे नगरपालिका झाली. गावात रोगराई पसरली तर गाड्या अडतील, एवढे गणित रेल्वेला तेव्हा पक्के ठाऊक होते. गावाची काळजी घेणे हा उपकार नव्हता, तो गाड्या चालवण्याच्या खर्चाचा भाग होता.

आज ती वही नाही. बोलावणे फोनवर येते, हजेरी लॉबीत लागते, तिथे श्वासाची चाचणी होते आणि लोको पायलट गाडीकडे जातो. मार्गाचे विद्युतीकरण झाले, इंजिने शेकडो किलोमीटर न बदलता धावतात, पाणी-कोळशाचा प्रश्न उरला नाही. रेल्वे भुसावळमधून गेली असे मी म्हणत नाही. विद्युत इंजिनांचे शेड इथे आहे, गाव ज्याला नुसते ‘पीओएच’ म्हणून ओळखते तो इंजिन दुरुस्तीचा कारखाना आहे, क्षेत्रीय प्रशिक्षण संस्था आहे, विभागाचे मुख्यालय आहे आणि त्याचा पसारा नाशिकपासून अमरावतीपर्यंत व खंडव्यापर्यंत आहे. पण यातले कोणतेही काम गावाच्या तब्येतीवर तसे अवलंबून राहिलेले नाही, जसे वाफेच्या काळात होते. कर्मचारी जळगावला घर बांधू शकतो आणि रोज ये-जा करू शकतो. गाव आजारी पडले तरी गाडी थांबत नाही. रेल्वेला भुसावळची जमीन अजूनही लागते. भुसावळचे नागरिक तितकेसे लागत नाहीत. जे पूर्वी गरजेपोटी आपोआप होत होते ते आता आपोआप होणार नाही. ते करायचे असेल तर ठरवून, लिहून आणि सही करून करावे लागेल.

गावाला हे किती महागात पडले आहे याचा अंदाज जळगावशी तुलना केली की येतो. दोन्ही गावांमध्ये अंतर जेमतेम 25 किलोमीटर. 1901 च्या शिरगणतीत दोन्हींची वस्ती 16 हजारांच्या आसपास होती. 2011 मध्ये जळगाव 4 लाख 60 हजारांवर गेले आणि भुसावळ 1 लाख 87 हजारांवर थांबले. मोठे जंक्शन भुसावळ, पण मोठे शहर जळगाव. याचे एक कारण उघड आहे: 1906 मध्ये खानदेशाचे दोन तुकडे झाल्यावर पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगाव झाले, कचेऱ्या आणि न्यायालये तिकडे गेली. पण कचेऱ्यांनी एवढा फरक पडत नाही. जळगाव व्यापारावर वाढले. डाळमिल, सोने, केळी, पाइप यांतून तिथे स्थानिक भांडवल तयार झाले. भुसावळ पगारावर वाढले. पगार दर महिन्याला येतो, बाजारात खर्च होतो, निवृत्तीनंतर पुष्कळदा गावाकडे परततो; त्यातून कारखानदार क्वचितच निपजतो. आणि गावाच्या ऐन मध्यावरची सर्वांत मोक्याची जमीन रूळ, यार्ड आणि वसाहत यांच्याखाली आहे. रूळांच्या एका बाजूचे गाव आणि दुसऱ्या बाजूचे गाव उड्डाणपूल आणि भुयारी रस्त्यांच्या मोजक्या तोंडांतून एकमेकांना भेटते. दहा पावलांवरच्या शाळेला जायला वळसा घ्यावा लागतो. शहराचा विकास आराखडा उघडला की नगररचनाकाराच्या हातातून निसटलेला भाग म्हणून रेल्वेची हद्द समोर येते. तिथे काय आहे, काय होणार आहे, हे त्याला ठरवता येत नाही आणि बहुधा विचारताही येत नाही.

इथे कायद्याचा एक कोपरा उघडून पाहण्यासारखा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचे 16 वे कलम रेल्वेवर एक चांगले बंधन घालते. लोहमार्गामुळे शेजारच्या जमिनीची वाट अडली तर रेल्वेने फाटक, पूल, मोरी बांधून द्यावी, आणि पाणी पूर्वी जसे वाहत होते तसेच वाहील एवढ्या मापाच्या मोऱ्या-नाल्या ठेवाव्यात. पण याच तरतुदीत एक मुदत आहे. मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटली की नव्या सोयींचा खर्च रेल्वेच्या माथी नाही; त्यापुढे 17 व्या कलमाखाली ज्याला हवे त्याने पैसे भरावेत. 1890 च्या जुन्या कायद्यातही दहा वर्षांचीच मुदत होती. आता भुसावळचा हिशेब मांडा. इथे गाड्या 1860 च्या दशकात धावू लागल्या. म्हणजे मार्ग खुला झाल्यापासूनची दहा वर्षे 1870 च्या दशकातच संपली. नगरपालिका जन्मली 1882 मध्ये, आणि मुदतीचा कायदा आला 1890 मध्ये. ज्या गावाच्या वतीने काही मागावे ते सभागृह अस्तित्वात येण्याआधीच मागण्याची वेळ टळून गेली होती. तेव्हापासून शहर फुगत गेले आणि प्रत्येक नव्या पुलासाठी, प्रत्येक मोरीसाठी, प्रत्येक भुयारी वाटेसाठी ते अर्जदाराच्या भूमिकेत राहिले. नवे मार्ग ही संधी दीडशे वर्षांनी पुन्हा आणतात. चार रूळांची रुंदी सहा किंवा आठ झाली, भराव वाढला, की त्याखालची मोरी नंतर रुंद करणे जवळपास अशक्य असते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. आराखड्यावर पेन्सिल फिरते आहे तोवर विचारले तर ते स्वस्तात होते.

दुसरा मुद्दा पैशाचा. संविधानाच्या 285 व्या अनुच्छेदाने केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक कर नाही. रेल्वे कायद्याचे 184 वे कलम हीच गोष्ट रेल्वेपुरती अधिक स्पष्ट सांगते: केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय रेल्वेवर कुठल्याही स्थानिक संस्थेचा कर बसत नाही. यावर माझा आक्षेप नाही. एका सरकारने दुसऱ्यावर कर लावण्याचा खेळ कोणाच्याच फायद्याचा नसतो. पण नोव्हेंबर 2009 मध्ये राजकोट महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर मधला मार्ग निघाला. मालमत्ता कर नाही, पण सेवाशुल्क द्यायचे. महापालिकेच्या सगळ्या सेवा वापरल्या तर कराच्या 75 टक्के, काही वापरल्या तर 50 टक्के, एकही वापरली नाही तरी एक-तृतीयांश. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने ही रीत देशभर पाळावी असे कळवले. यात शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. एकही सेवा थेट घेतली नाही तरी एक-तृतीयांश, कारण मालमत्ता शहरात असणे हाच एक लाभ आहे. रेल्वेची वसाहत स्वतःचा झाडू मारते, स्वतःचे पाणी आणते, हे मान्य. पण तिथली माणसे बाजारात जातात ती पालिकेच्या रस्त्यावरून, आणि वसाहतीबाहेर पडलेले सांडपाणी पालिकेच्याच शिवारातून नदीला मिळते. भुसावळपुरते सेवाशुल्क किती निघते, कोणत्या टप्प्याने निघते आणि दर वर्षी किती जमा होते, हा हिशेब रेल्वे आणि नगरपालिका दोघांनी मिळून छापावा, एवढीच मागणी आहे. आकडा लहान निघाला तरी चालेल. तो सर्वांना दिसेल असा असावा.

आणि तिसरा मुद्दा पाण्याचा, कारण भुसावळच्या नागरी जीवनाची दुखरी नस तीच आहे. गाव तापीच्या काठावर आहे. वरच्या अंगाला हतनूर धरण आहे, पावसाळ्यात त्याचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात. तरी उन्हाळ्यात नळाला पाणी आठवडा-आठवडा न आल्याच्या बातम्याही तितक्याच नेमाने येतात. केंद्राच्या अमृत योजनेतून मंजूर झालेले पाणीपुरवठ्याचे काम वर्षानुवर्षे रखडले. यात रेल्वेचा दोष नाही. पण चित्र पाहा: रेल्वे आपल्या वसाहतीसाठी आणि गाड्यांसाठी तापीतून स्वतंत्रपणे पाणी उचलते, नगरपालिका त्याच नदीतून स्वतंत्रपणे उचलते, जवळच दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र त्याच नदीच्या पाण्यावर चालते. एकच नदी, उचलणारे अनेक, आणि सगळ्यांनी एकत्र बसून वर्षाचा हिशेब मांडायला जागाच नाही. रेल्वेला पाण्याचे काम येत नाही असेही नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिण्या, पाच लाख लिटर, अंतर सुमारे 340 किलोमीटर. पुढे पन्नास वाघिण्यांच्या गाड्या गेल्या. साडेतीनशे किलोमीटरवरच्या शहराची तहान भागवणाऱ्या संस्थेला आपल्याच जंक्शनच्या गावाबरोबर पाण्याचे नियोजन करणे अवघड नसावे. सांडपाण्याचा पुनर्वापरही नवा नाही: नागपूरच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते. औष्णिक केंद्रांनी पन्नास किलोमीटरच्या आतले प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे, असे केंद्राचे 2016 चे वीजदर धोरणच सांगते. भुसावळचे सांडपाणी शुद्ध होऊन डबे धुण्याला आणि दीपनगरच्या कूलिंग टॉवरला गेले, तर तेवढे तापीचे ताजे पाणी नळाला उरेल. त्यासाठी रेल्वे, पालिका आणि दीपनगरचे केंद्र चालवणारी महानिर्मिती एका कागदावर यायला हवेत.

आता विरोधात काय म्हणता येईल ते पाहू. पहिले म्हणणे असे की रेल्वेचे काम गाड्या चालवणे. गटारे आणि नळ ही नगरपालिकेची कामे. तत्त्वतः बरोबर. पण रेल्वे भुसावळात नुसत्या गाड्या चालवत नाही. ती मोठी जमीनधारक आहे, घरमालक आहे, पाणी उचलणारी आहे, शाळा आणि इस्पितळ चालवणारी आहे. शिवाय रेल्वे कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने रेल्वे भूमी विकास प्राधिकरण आले, त्याचे कामच मुळी रिकाम्या जमिनीचा व्यापारी उपयोग करून उत्पन्न मिळवणे हे आहे. शहराच्या जमिनीच्या किमतीतून पैसा मिळवायचा आणि शहराच्या नियोजनाशी संबंध नाही म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. रेल्वेचे अंदाजपत्रक 2017 पासून केंद्राच्या अंदाजपत्रकात विलीन झाले. 1924 पासून स्वतंत्र चालत आलेली ही व्यवस्था संपल्यावर रेल्वे आता इतर कोणत्याही केंद्रीय खात्यासारखेच एक खाते आहे, आणि केंद्राची शहरांविषयीची जी धोरणे आहेत ती तिलाही लागू व्हायला हवीत.

दुसरे म्हणणे अधिक टोचणारे आहे: नगरपालिकेलाच आपला कारभार नीट करता येत नाही, तिच्याशी करार करून रेल्वेने पैसा आणि वेळ का घालवावा? पालिकेचा बचाव करण्याचा माझा इरादा नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिका काही वर्षे लोकनियुक्त सभागृहाविना प्रशासकांच्या हाती होत्या, निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. कामे रखडण्याला पालिकेतले राजकारणही कारणीभूत आहे, हे गावात कोणीही सांगेल. पण दुबळ्या पालिकेवर उपाय तिला टाळणे हा नाही. मोठी, शिस्तीची, वेळापत्रकावर चालणारी संस्था समोर बसली, बैठकीचे इतिवृत्त जाहीर झाले, कामाला तारीख पडली, की पालिकेलाही उत्तर द्यावे लागते. आज दोघेही एकमेकांच्या हद्दीकडे बोट दाखवतात आणि तिथेच विषय संपतो. करार झाला तर बोट दाखवण्याची ती सोय दोघांचीही जाते, आणि मला वाटते कराराचा सर्वांत मोठा फायदा हाच असेल.

तिसरे म्हणणे: समित्या आहेतच की. विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समिती आहे, खासदारांच्या बैठका आहेत. आहेत, पण ती समिती साऱ्या विभागासाठी, आणि विषय प्रवाशांच्या सोयींचे: थांबे, डबे, फलाटावरचे पंखे. वाघूर आणि तापीच्या मधल्या या शहरात पावसाचे पाणी कोणत्या मोरीत तुंबते, हा विषय त्या समितीत कोणी मांडला तर तो विषयपत्रिकेबाहेरचा ठरेल. रेल्वेची जमीन मोकळी करताना उठवलेली कुटुंबे शहराच्या कोणत्या भागात जातात, तिथे पाणी-शौचालय आहे का, हाही प्रश्न तिथे बसत नाही. तुलनेसाठी फार लांब जायला नको. याच विभागात देवळाली आहे. तिथल्या छावणीला 2006 च्या कायद्याने मंडळ दिले आहे, आणि त्या मंडळात लष्कराचे अधिकारी व लोकांनी निवडलेले सदस्य एकत्र बसावेत अशी कायद्याची रचना आहे. सैन्यासारख्या बंदिस्त संस्थेच्या बाबतीत कायद्याला जे सुचले ते रेल्वेच्या गावांबाबत कोणालाच सुचले नाही. मी छावणी मंडळासारखी वेगळी पालिका मागत नाही. तसे केले तर एका गावाचे दोन तुकडे कायमचे होतील. मागतो आहे ते एकत्र बसण्याचे ठिकाण.

शेवटचे म्हणणे खर्चाचे आणि पायंड्याचे: भुसावळला दिले की मनमाड मागेल, दौंड मागेल, इटारसी आणि खरगपूर मागतील. मागू द्या. ही सगळी गावे रेल्वेनेच वसवली किंवा वाढवली आहेत आणि सगळ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असणार. देशभरासाठी एकच नमुना ठरला तर दर गावागणिक वाद घालण्याचा खर्च उलट वाचेल. आणि सुरुवात भुसावळपासून करण्याचे कारण भावनेचे नाही, वेळेचे आहे. इथे तिन्ही दिशांचे मार्ग एकाच काळात वाढणार आहेत. भूसंपादन, भराव, पूल, सिग्नल, नव्या क्वार्टर्स हे सगळे पुढच्या काही वर्षांत होईल. केंद्राच्या गतिशक्ती आराखड्याचा सारा भर खात्याखात्यांनी एकाच नकाशावर काम करण्यावर आहे. त्या नकाशात नगरपालिकेला एक खुर्ची मिळाली तर योजना आपल्या शब्दाला जागेल. मोऱ्या आधीच रुंद केल्याने प्रकल्पाच्या खर्चात जी भर पडेल ती एकूण कोटींच्या आकड्यात शोधावी लागेल. नंतर चालू मार्गाखाली बोगदा पाडायचा झाला तर गाड्या थांबवून, रात्रीचे ब्लॉक घेऊन, अनेक पट पैसा ओतावा लागेल. वाहतूक नियंत्रण कक्षात बसणाऱ्या कोणालाही हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून, मंत्रीमहोदय, चार गोष्टी कराव्यात. एक: मध्य रेल्वे आणि भुसावळ नगरपालिका यांच्यात लेखी करार व्हावा आणि त्याखाली विभागीय व्यवस्थापक, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी यांची स्थायी समिती दर तीन महिन्यांनी बसावी, तिचे इतिवृत्त पंधरा दिवसांत मराठीतून जाहीर व्हावे. दोन: सेवाशुल्काचा वार्षिक हिशेब दोन्ही बाजूंच्या सहीने छापला जावा. तीन: तिन्ही नव्या मार्गांचे शहर हद्दीतले आराखडे कामाच्या निविदा निघण्याआधी समितीपुढे आणि नागरिकांपुढे ठेवावेत, आणि 16 व्या कलमाखालच्या वाटा व मोऱ्या आजच्या लोकसंख्येप्रमाणे नव्हे, पुढच्या तीस वर्षांच्या लोकसंख्येप्रमाणे मोजाव्यात. चार: तापीतून उचललेल्या आणि तापीत सोडलेल्या पाण्याचा रेल्वे, पालिका आणि वीज केंद्र यांनी मिळून एकच ताळेबंद तयार करावा, आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराचा प्रकल्प त्यातून उभा राहावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पहिल्या तीन गोष्टींसाठी आपल्या मंत्रालयाचे एक परिपत्रक पुरे, चौथीसाठी राज्य सरकारशी एक बैठक. हे परिपत्रक या आर्थिक वर्षात निघाले तर नव्या मार्गांच्या आराखड्यात ते वेळेवर पोहोचेल. उशीर झाला तर भराव पडून जातील, आणि पुढची शंभर वर्षे भुसावळ पुन्हा अर्ज करत बसेल. आपले उत्तर जाहीर यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
भुसावळचा एक नागरिक